बंदूक, कोको आणि घसरलेला सेडी: घानाच्या रॉलिंग्ज राजवटीचं १९८३चं वळण

एप्रिल १९८३मध्ये घानाच्या लष्करी सरकारने अंदाजपत्रक मांडलं. मांडणारे लोक कोण, तर बाजारात सैनिक पाठवून भाव पाडणारे, बँकांतल्या मोठ्या ठेवी गोठवणारे आणि साम्राज्यवादाला रेडिओवरून शिव्या घालणारे. अंदाजपत्रकात मात्र सेडी या चलनाचं (नाव न घेता केलेलं) अवमूल्यन होतं, भावनियंत्रणातून माघार होती आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला पटेल अशी बरीच सामग्री होती.

या सरकारचे प्रमुख जेरी रॉलिंग्ज यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक दोन टोकांना उभे असतात. काहींसाठी ते तारणहार, काहींसाठी खुनी. या दोन्ही बाजूंच्या लिखाणात एक प्रश्न मागे पडतो: सत्तेवर येऊन सव्वा वर्ष झालेलं क्रांतिकारी सरकार असं उलटं का फिरलं, आणि फिरूनही टिकलं कसं? हा अभ्यास मुख्यतः त्या सव्वा वर्षाचा आहे.

पार्श्वभूमी

रॉलिंग्ज यांचा जन्म २२ जून १९४७ रोजी अक्रा इथे झाला. वडील स्कॉटिश, आई एवे समाजातली. मुलाला वाढवलं आईनेच. अचिमोटा या नावाजलेल्या शाळेत शिक्षण, मग हवाई दल, प्रशिक्षणात उत्तम वैमानिकाचं पारितोषिक आणि १९७८मध्ये फ्लाइट लेफ्टनंट हा हुद्दा. पुढे एकोणीस वर्षं देश चालवला, तरी त्यांनी स्वतःला याच्या वर बढती दिली नाही. शेजारपाजारचे लष्करशहा रातोरात जनरल आणि फील्ड मार्शल होत असताना ही गोष्ट लोकांच्या डोळ्यांत भरली.

१९५७मध्ये स्वतंत्र झालेला घाना तेव्हा जगातला सर्वांत मोठा कोको उत्पादक होता. १९६४-६५च्या हंगामात उत्पादन साडेपाच लाख टनांच्या वर गेलं. १९६६मध्ये देशाचे पहिले नेते एनक्रुमा यांना लष्कराने हटवलं. त्यानंतर लष्कर, नागरी सरकार, पुन्हा लष्कर अशी पाळी लागली. जनरल आचेंपाँग यांच्या काळात (१९७२ ते १९७८) आयातीचे परवाने मर्जीतल्या लोकांना वाटले जात, तूट भरून काढायला नोटा छापल्या जात, आणि सरकारी दराने उचललेला माल बाजारात कितीतरी पट भावाने विकला जाई. या सगळ्या काळ्या धंद्याला घानात ‘कालाबुले’ म्हणत. बराकीतल्या सैनिकाच्या घरीही साबण आणि डबाबंद दूध मिळेनासं झालं होतं, आणि वरचे अधिकारी मात्र त्याच परवान्यांवर श्रीमंत होत होते.

१५ मे १९७९ रोजी रॉलिंग्ज यांनी काही सैनिकांसह बंड केलं. ते फसलं. लष्करी न्यायालयात त्यांनी सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली आणि आपल्या माणसांना सोडा असं सांगितलं. त्या एका पवित्र्याने ते बराकीबराकीत पोचले. ४ जूनला सैनिकांनी त्यांना तुरुंगातून सोडवून सत्तेवर बसवलं. पुढच्या काही आठवड्यांत आठ वरिष्ठ अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. आचेंपाँग, अकुफो आणि अफ्रिफा हे तीन माजी राष्ट्रप्रमुख त्यांत होते. अक्राचा माकोला बाजार सुरुंगाने उडवून जमीनदोस्त केला गेला आणि चढ्या भावाने माल विकणाऱ्या बायकांना चौकात फटके मारले गेले. तरीही ठरलेल्या निवडणुका झाल्या आणि सप्टेंबर १९७९मध्ये रॉलिंग्ज यांनी सत्ता हिला लिमान यांच्या नागरी सरकारकडे सोपवली. ती फार काळ तिथे राहिली नाही. ३१ डिसेंबर १९८१ रोजी ते परत आले, आणि या वेळी परतीची तारीख सांगितली नाही.

समस्या

अडचणीचं मूळ एका आकड्यात होतं. १९७८पासून अधिकृत दर २.७५ सेडीला एक डॉलर असा बांधलेला होता. काळ्या बाजारात डॉलर त्याच्या वीसपटीच्या आसपास गेला होता. आता हा आकडा कोकोच्या शेतापर्यंत कसा पोचतो ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

कोको विकत घेण्याचा हक्क फक्त सरकारी कोको मंडळाला. मंडळ माल परदेशी डॉलरमध्ये विकणार आणि प्रत्येक डॉलरमागे त्याला पावणेतीन सेडी मिळणार. त्यातून वाहतूक, मंडळाच्या अवाढव्य नोकरवर्गाचे पगार आणि सरकारचा वाटा वजा जाता शेतकऱ्याच्या हाती येणार काय? त्या शेतकऱ्याला कोयता, रॉकेल, कापड मात्र काळ्या बाजाराच्या भावाने घ्यावं लागे. सीमेपलीकडे आयव्हरी कोस्टमध्ये फ्रँक मिळत, आणि त्या फ्रँकला कुठेही किंमत होती. मग पोतं रात्री पलीकडे जाई. एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात आपल्याकडून गुजरातेत जाणाऱ्या गाड्या ज्यांना आठवतात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कित्येकांनी तर नवी झाडं लावणं, जुनी राखणंच सोडून दिलं. १९८३-८४मध्ये उत्पादन १ लाख ५८ हजार टनांवर आलं.

नव्या सरकारला हे दिसलं ते वेगळ्या चष्म्यातून. त्यांच्या मते दोष व्यापाऱ्यांचा, तस्करांचा आणि भ्रष्ट अधिकाऱ्यांचा होता. त्यामुळे १९८२मधले उपाय पोलिसी होते. ५० सेडीची नोट रद्द झाली. ५० हजार सेडींच्या वरच्या बँक खात्यांची चौकशी लागली. गावोगावी आणि कारखान्यांत संरक्षण समित्या उभ्या राहिल्या, लोकन्यायालयं बसली, टोगोची सीमा बंद झाली. विद्यापीठं थांबवून विद्यार्थी आडरानात अडकलेली कोकोची पोती बाहेर काढायला निघाले. या शेवटच्या कामात खरा उत्साह होता आणि थोडाफार उपयोगही झाला. टायर नसलेल्या ट्रकांच्या देशात पाठीवर पोती वाहणारे विद्यार्थी ही लहान गोष्ट नव्हती. पण पोतं बंदरात पोचलं तरी डॉलरचे पावणेतीनच सेडी मिळणार होते.

त्याच वर्षी ३० जूनच्या रात्री, संचारबंदी चालू असताना, उच्च न्यायालयाचे तीन न्यायाधीश आणि एक निवृत्त मेजर यांना घरांतून उचलून नेलं गेलं. त्यांचे मृतदेह पुढे लष्कराच्या बुंदासे इथल्या सरावाच्या मैदानावर सापडले. न्यायाधीशांत सिसिलिया कोरांतेंग-अड्डो होत्या. घरी तान्हं मूल होतं. संशयाची वाट थेट सत्ताधारी परिषदेच्या एका सदस्यापर्यंत गेली. अंदाजपत्रकाच्या गोष्टीत हे कशाला, असं वाटेल. त्याचा संबंध पुढे येतो.

पर्याय

१९८२च्या उत्तरार्धात सरकारपुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या.

पहिली वाट नियंत्रणं आणखी आवळण्याची. परकीय व्यापार पूर्णपणे राज्याच्या हाती घ्यायचा, लोकदुकानं काढायची, समित्यांमार्फत वाटप करायचं. ख्रिस अतिम आणि सार्जंट अकाता-पोरे यांच्याभोवतीचा डावा गट या बाजूचा. सैनिक आणि शहरी कामगारांत या गटाचं वजन होतं. अडचण एवढीच की वाटायला माल हवा, आणि माल आणायला परकीय चलन.

दुसरी वाट समाजवादी देशांची. मदतीच्या शोधात शिष्टमंडळं गेली. लिबियाने तेल दिलं. पूर्व युरोपात सहानुभूती भरपूर मिळाली, पण तिजोरी सावरेल इतकं चलन कोणी दिलं नाही.

तिसरी वाट नाणेनिधीची. तिचा पुरस्कार करायला पुढे आले क्वेसी बोच्वे. हे लेगॉन विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक, विचाराने मार्क्सवादी, आणि आता अर्थखात्याचे प्रमुख. सोबत जोसेफ अॅबी यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ. त्यांचं गणित सरळ होतं: २.७५चा दर हा तस्कराला आणि परवानेवाल्याला दिलेलं अनुदान आहे आणि त्याचे पैसे कोको पिकवणारा भरतो. मला या प्रकरणात सर्वांत लक्षणीय वाटतो तो हा मुद्दा. अवमूल्यनाची बाजू बोच्वे यांना उजव्या भाषेत मांडावी लागली नाही. शोषण कोणाचं आणि शोषक कोण, हे त्यांनी नव्याने दाखवून दिलं.

चौथीही वाट होती, नागरी सरकार परत आणून हा कडू घोट त्याच्या गळी उतरवण्याची. पण ती कोणी गंभीरपणे विचारात घेतल्याचं दिसत नाही.

तिसऱ्या वाटेवर एक भूत बसलेलं होतं. डिसेंबर १९७१मध्ये पंतप्रधान बुसिया यांनी सेडीचं ४४ टक्के अवमूल्यन केलं आणि तीन आठवड्यांच्या आत, १३ जानेवारी १९७२ रोजी, त्यांचं सरकार उलथलं गेलं. तेव्हापासून घानात अवमूल्यन हा शब्द काढणं म्हणजे सत्तापालटाला निमंत्रण देणं, अशी पक्की समजूत होती. लिमान यांनी त्याच भीतीने दराला हात लावला नाही.

निर्णय आणि कृती

प्रश्न आधी सत्तेच्या आत सुटला. नोव्हेंबर १९८२च्या अखेरीस बंडाचा एक प्रयत्न झाला. अकाता-पोरे यांना अटक झाली, अतिम देशाबाहेर गेले. आता परिषदेत नाणेनिधीला अडवणारं बळ उरलं नव्हतं. म्हणजे आर्थिक वाद युक्तिवादाने अर्धाच जिंकला गेला. उरलेला अर्धा अटकेने.

मग निसर्ग आणि शेजारी एकदमच कोसळले. पाऊस नव्हता. सहाराकडून येणाऱ्या कोरड्या हार्मटान वाऱ्यांत वणवे पेटले आणि मक्याबरोबर कोकोचे मळेही जळाले. देशाला वीज पुरवणाऱ्या अकोसोम्बो धरणाची पातळी उतरत गेली. जानेवारी १९८३मध्ये नायजेरियाने कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना देश सोडायचा हुकूम दिला आणि सुमारे दहा लाख घानावासी परतीच्या वाटेला लागले. तस्करी रोखण्यासाठी बंद ठेवलेली सीमा सरकारने त्यांच्यासाठी उघडली. बहुतेक लोक छावण्यांत न राहता आपापल्या गावी, नातेवाइकांकडे गेले आणि आधीच अर्धपोटी असलेल्या घरांनी त्यांना सामावून घेतलं. त्या वर्षी भुकेने वर आलेल्या गळ्याच्या हाडांना लोकांनी ‘रॉलिंग्ज चेन’ असं नाव दिलं. गळ्यातला दागिना, राष्ट्रप्रमुखांची भेट. हुकूमशाहीतही विनोद असा गळ्यातून बाहेर पडतोच.

या हलाखीत एप्रिलचं अंदाजपत्रक आलं. बुसिया यांच्या भुताला चकवण्यासाठी बोच्वे यांनी केलेली युक्ती पाहण्यासारखी आहे. अधिकृत दर २.७५च राहिला. फक्त निर्यात करणाऱ्याला वर ‘बोनस’ मिळणार आणि आयात करणाऱ्याने वर ‘अधिभार’ भरायचा. हे बोनस-अधिभार ७५० ते ९९० टक्के होते. गुणाकार केला की डॉलर २३ ते ३० सेडींना पडतो. गरजेच्या वस्तूंना कमी पट्टी, बाकीच्यांना जास्त. अवमूल्यन हा शब्द न उच्चारता दहापट अवमूल्यन झालं. ऑगस्टमध्ये नाणेनिधीचा करार झाला आणि ऑक्टोबरमध्ये पडदा काढून सरळ ३० सेडीला एक डॉलर असा दर जाहीर झाला.

शेतकऱ्याचा कोकोचा दर टनाला १२ हजारांवरून २० हजार सेडी केला गेला. शहरात मात्र वस्तू महागल्या. कामगार संघटनांनी विरोध केला, विद्यार्थी रस्त्यावर उतरले, विद्यापीठं पुन्हा बंद पडली. संरक्षण समित्यांना तर आपलीच फसवणूक झाल्यासारखं वाटलं. कालपर्यंत त्या ज्याच्याविरुद्ध घोषणा देत होत्या ते धोरण आज त्यांनीच गल्लीत समजावून सांगायचं होतं. १९ जूनला टोगोतून आलेल्या बंडखोर सैनिकांनी तुरुंग फोडून कैदी सोडवले आणि काही वेळ रेडिओ केंद्रही ताब्यात घेतलं. तो उठाव मोडला गेला. न्यायाधीशांच्या खून प्रकरणात परिषदेचा माजी सदस्य आमार्तेई क्वेई आणि इतर काही जणांना त्याच वर्षी मृत्युदंड दिला गेला. सुरक्षाप्रमुख कोजो त्सिकाता यांच्यावरही चौकशी मंडळाने खटल्याची शिफारस केली होती; पुरावा अपुरा म्हणून तो चालला नाही.

परिणाम

१९८३मध्ये महागाई १२० टक्क्यांच्या वर होती. १९८४मध्ये ती ४० टक्क्यांच्या आसपास आली, १९८५मध्ये १० टक्क्यांजवळ. १९८४मध्ये अर्थव्यवस्था ८ टक्क्यांहून अधिक वाढली आणि नंतर बरीच वर्षं ५ टक्क्यांच्या आसपास वाढत राहिली. कोकोचं उत्पादन दशकाच्या अखेरीस ३ लाख टनांवर गेलं. पलीकडे जाणारी पोती पुष्कळशी घरी राहू लागली. जागतिक बँकेला आफ्रिकेत दाखवायला एक आदर्श विद्यार्थी मिळाला आणि तिने तो जगभर मिरवला.

इथे थोडं थांबायला हवं. १९८४मध्ये पाऊस उत्तम झाला होता. मका आणि कसावा पिकला की घानाच्या महागाईचा आकडा आपोआप खाली येतो, त्यासाठी नाणेनिधीच्या माणसांनी विमानाने यावं लागत नाही. पहिल्या वर्षाच्या यशात पावसाचा वाटा मोठा आहे. धोरणाचं श्रेय त्यानंतरच्या वर्षांत शोधावं, आणि कोकोमध्ये ते सापडतं.

दुसऱ्या रकान्यातही नोंदी आहेत. डॉलर १९८६च्या सुरुवातीला ९० सेडींवर गेला, त्याच वर्षी चलनाचा लिलाव सुरू झाला आणि सेडी घसरतच राहिला. सरकारी खाती आणि कोको मंडळातून हजारोंनी माणसं कमी झाली. १९८५पासून सरकारी दवाखान्यांत शुल्क वाढलं आणि ‘रोख द्या, औषध न्या’ अशी पद्धत रुळली; पैसे नसलेला रुग्ण दारातूनच परतू लागला. कपातीची झळ बसलेल्यांसाठी खास कार्यक्रम आखला गेला तो १९८७च्या शेवटी, म्हणजे अंदाजपत्रकानंतर साडेचार वर्षांनी.

आणि शांतता. चौकशीविना अटकेचा कायदा होता, लोकन्यायालयं होती, तीन न्यायाधीशांची आठवण ताजी होती, रात्रीची संचारबंदी दोन वर्षांहून अधिक चालली. कॅथलिक चर्चचं वर्तमानपत्र १९८५मध्ये बंद पाडलं गेलं. ‘मौनाची संस्कृती’ हा शब्दप्रयोग तेव्हा घानात रूढ झाला. इतिहासकार अदू बोआहेन यांनी १९८८मध्ये व्याख्यानांतून ते मौन जाहीरपणे मोडलं. १९९२च्या निवडणुकीत तेच रॉलिंग्ज यांच्यासमोर उभे राहिले आणि हरले. रॉलिंग्ज १९९६मध्ये पुन्हा निवडून आले, घटनेतली दोन मुदतींची मर्यादा त्यांनी पाळली आणि जानेवारी २००१मध्ये विरोधी पक्षाच्या जॉन कुफोर यांच्याकडे सत्ता दिली. १२ नोव्हेंबर २०२० रोजी त्यांचं निधन झालं.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

बोनस-अधिभाराची युक्ती राजकीयदृष्ट्या हुशारीची होती आणि ती सहा महिन्यांत उचललीही गेली, हे आणखी शहाणपणाचं. तात्पुरती सोय कायमची करून तिच्यावर परवान्यांचा नवा धंदा उभा राहू दिला असता तर कालाबुले दुसऱ्या दाराने आत आलं असतं. याबाबतीत बोच्वे यांना दोष देता येत नाही.

१९८२ हे वर्ष मात्र वाया गेलं का? सरकारच्या समर्थकांचं म्हणणं असं की आधी जनतेला विश्वासात घेतलं नसतं तर पुढचा कडू घोट कोणी प्यायला नसता. मला हे पटत नाही. समित्यांना वर्षभर जे शिकवलं त्याच्या उलट त्यांना एका दिवसात सांगावं लागलं, आणि डिसेंबर १९८४मध्ये त्या समित्याच बरखास्त करून दुसरी रचना आणावी लागली. नोट रद्द करणं आणि खाती तपासणं यांनी तर बँकेवरचा विश्वासच गेला. लोक पुढे कितीतरी काळ पैसे घरात किंवा मालात ठेवत राहिले, आणि बचत गोळा करू पाहणाऱ्या सुधारणेला त्याचा फटका बसला.

कोकोचा भाव आणखी वाढवायला हवा होता. १२ हजारांचे २० हजार झाले, पण त्याच काळात महागाईने ती वाढ गिळली. पुढच्या वर्षी भाव ३० हजार केला, म्हणजे पहिली पायरी अपुरी होती हे सरकारलाही कळलं होतं. दर दहापट घसरवून मिळालेल्या सेडींतला मोठा हिस्सा तिजोरीत गेला. तिजोरी रिकामी होती हे मान्य. तरी सुधारणेचा सगळा युक्तिवाद ज्या शेतकऱ्याच्या नावाने केला, त्याला पहिल्या पंगतीत बसवलं नाही.

कपातीच्या झळीसाठीचा कार्यक्रम पहिल्या अंदाजपत्रकातच हवा होता. पैसे नव्हते, हे उत्तर पुरेसं नाही, कारण १९८४पासून बाहेरचा पैसा येत होता. तो रस्त्यांवर, बंदरांवर, कोकोच्या वाहतुकीवर खर्च झाला. तिथे तो लागायलाच हवा होता. दवाखान्याचं शुल्क वाढवताना गरिबांना माफी कशी मिळेल याची कागदावर सोय होती, पण दाराशी बसलेल्या कारकुनाला ती राबवायची सवयही नव्हती आणि कारणही नव्हतं.

सर्वांत अवघड जागा न्यायाधीशांच्या खुनाची. समजा १९८२मध्ये रॉलिंग्ज यांनी तपास शेवटपर्यंत जाऊ दिला असता, अगदी जवळच्या माणसांपर्यंत. परिषद फुटली असती, कदाचित ते स्वतः गेले असते आणि एप्रिलचं अंदाजपत्रक आलंच नसतं. सुधारणा आणि दहशत वेगळ्या काढता येतील असं मानणाऱ्यांनी या शक्यतेला उत्तर द्यावं लागतं. भीतीने गप्प बसलेल्या शहरात अवमूल्यन पचलं. बुसिया यांच्या शहरात पचलं नव्हतं. १९९२च्या घटनेत लष्करी राजवटींच्या कृत्यांवर खटले चालवता येणार नाहीत अशी कलमं घातली गेली, आणि ती अजून तिथे आहेत.

भीतीशिवाय हेच काम कसं झालं असतं याची कल्पना १९९५मध्ये आली. माणसं तीच, रॉलिंग्ज आणि बोच्वे. फक्त आता संसद होती, खासगी वृत्तपत्रं होती आणि रस्त्यावर उतरायला लोक घाबरत नव्हते. मार्चपासून १७.५ टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला. तयारी अर्धवट होती, व्यापाऱ्यांना हिशेब कळत नव्हता, भाव भडकले. ११ मे रोजी अक्रात प्रचंड मोर्चा निघाला, सरकार समर्थकांनी त्यावर हल्ला केला आणि काही माणसं मेली. कर मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी बोच्वे यांनी राजीनामा दिला. त्यानंतर सरकारने व्यापाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, करमुक्त वस्तूंची यादी वाढवली, जिल्ह्याजिल्ह्यांत सभा घेतल्या आणि संसदेत नवा कायदा आणला. १९९८च्या अखेरीस तोच कर १० टक्के दराने परत लागू झाला. या वेळी मोर्चा निघाला नाही.